मेंदूविज्ञानाच्या नीतीवर निबंध: कोल्हापुरातल्या विद्यार्थ्यांचे आणि शिक्षकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आठवीपासून पदवीपर्यंतचे विद्यार्थी आणि त्यांना मार्गदर्शन करणारे शिक्षक यांच्यासाठी हे पान आहे. वक्तृत्व आणि निबंध स्पर्धांची इथे जुनी सवय आहे, पण या विषयावर नेहमीच्या पद्धतीने लिहिलेला निबंध पहिल्याच चाळणीत बाजूला पडतो. तो का पडतो, ते पुढच्या उत्तरांतून कळेल.

न्यूरोएथिक्स म्हणजे नेमकं काय? हा जीवशास्त्राचा विषय की तत्त्वज्ञानाचा?

दोन्हींचा. २००२ साली सॅन फ्रान्सिस्कोत या विषयावर परिषद भरली, तिथून हा शब्द रूढ झाला. त्याच वर्षी ॲडिना रॉस्कीज या तत्त्वज्ञ अभ्यासिकेने त्याचे दोन भाग मांडले. पहिला भाग म्हणजे मेंदूविज्ञानाची नीती: मेंदूवर प्रयोग करताना, मेंदूत यंत्र बसवताना, मेंदूची माहिती गोळा करताना काय योग्य आणि काय अयोग्य. दुसरा भाग म्हणजे नीतीचं मेंदूविज्ञान: आपण बरं-वाईट ठरवतो तेव्हा मेंदूत काय घडतं. स्पर्धांचे विषय बहुतेक पहिल्या भागातले असतात. दोन्ही भाग एका निबंधात कोंबले की हजार शब्दांत एकही पुरा होत नाही.

अशा स्पर्धा घेतं कोण?

इंटरनॅशनल न्यूरोएथिक्स सोसायटी ही २००६ साली स्थापन झालेली संस्था विद्यार्थ्यांसाठी इंग्रजीतून निबंध स्पर्धा घेत आली आहे. त्यात शाळकरी मुलांचा, सामान्य वाचकांसाठी लिहिणाऱ्यांचा आणि अभ्यासकीय लेखनाचा असे वेगळे गट असतात. गट चुकला तर चांगला निबंधही मार खातो. सामान्य वाचकांच्या गटात तळटिपांचं ओझं नको असतं आणि अभ्यासकीय गटात संदर्भाशिवाय केलेलं विधान खपत नाही. ‘ब्रेन बी’ ही स्पर्धा वेगळी. ती मेंदूविज्ञानाची प्रश्नमंजूषा आहे, तिथे पाठांतर चालतं. निबंधाला त्या तयारीचा उपयोग थोडाच.

शब्दमर्यादा, वयोगट, मुदत हे सगळं त्या त्या वर्षीच्या नियमावलीतच वाचा. गेल्या वर्षीच्या ताईने सांगितलेले नियम यंदा लागू असतीलच असं नाही.

विषय कसा निवडायचा?

‘मेंदूविज्ञान: शाप की वरदान’ हा विषय नाही, तो मथळा आहे. निबंधाला असा प्रश्न लागतो ज्याचं उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’ असं देता येतं आणि ज्यावर दोन शहाणी माणसं प्रामाणिकपणे भांडू शकतात. ‘मेंदूतल्या चिपचे फायदे-तोटे’ यावर कोणी भांडणार नाही. ‘चिप बनवणारी कंपनी बंद पडली तर रुग्णाच्या डोक्यातल्या यंत्राची जबाबदारी कोणाची?’ यावर भांडतील. ही नुसती कल्पना नाही, याच्या जवळ जाणारी गोष्ट घडलेली आहे. सेकंड साइट या अमेरिकी कंपनीने ‘आर्गस टू’ नावाचं कृत्रिम दृष्टिपटल अंध रुग्णांच्या डोळ्यांत बसवलं. पुढे कंपनीने ते बनवणं थांबवलं आणि यंत्र डोळ्यात असलेली माणसं दुरुस्तीविना राहिली.

चाचणी सोपी आहे. आपला प्रश्न एका वाक्यात लिहा आणि घरातल्या कोणालाही वाचून दाखवा. ‘हं, छान आहे’ असं आलं तर विषय पसरट आहे. ‘असं कसं? मुळीच नाही!’ असं आलं तर पुढे चला.

कोल्हापुरात बसून आपल्या जवळचा विषय मिळेल का? की सगळं अमेरिकेतलंच लिहायचं?

जवळचा विषय घेतलेला बरा. परीक्षकांसमोर न्यूरालिंकवरचे (मेंदूत चिप बसवणारी अमेरिकी कंपनी) निबंध ढिगाने येतात आणि एकासारखा एक दिसतात. इथल्या मुलांच्या अंगवळणी असलेली गोष्ट म्हणजे फुटबॉल. पेठापेठांतल्या तालमींचे संघ, शाहू स्टेडियमवरची गर्दी आणि रोज संध्याकाळी सराव करणारी दहा-अकरा वर्षांची पोरं. आता प्रश्न असा धरा: बारा वर्षांखालच्या मुलांना सरावात डोक्याने चेंडू मारायला, म्हणजे हेडर मारायला, बंदी असावी का?

यामागचं विज्ञान ठोस आहे. २०१९ साली ग्लासगोच्या संशोधकांनी स्कॉटलंडच्या ७,६७६ माजी व्यावसायिक खेळाडूंची नोंद तपासली. मेंदू झिजवणाऱ्या आजारांनी मरण्याचं प्रमाण त्यांच्यात सर्वसाधारण लोकसंख्येच्या सुमारे साडेतीनपट निघालं. नंतरच्या विश्लेषणात बचावपटूंना धोका सर्वाधिक दिसला, गोलरक्षकांना तितका नाही. अमेरिकेत २०१५ साली दहा वर्षांपर्यंतच्या मुलांना हेडर बंद केला गेला. २०२० साली इंग्लंड आणि स्कॉटलंडमध्ये प्राथमिक वयातल्या मुलांच्या सरावातून तो काढला.

निबंधाची खरी परीक्षा इथून पुढे सुरू होते. तो अभ्यास व्यावसायिक पुरुष खेळाडूंचा होता. त्यातल्या बऱ्याच जणांच्या काळात भिजल्यावर जड होणारा कातडी चेंडू होता. तो आकडा दहा वर्षांच्या मुलाला जसाच्या तसा चिकटवता येत नाही. मग पुरावा अर्धवट असताना मुलांना जपायचं की खेळू द्यायचं? मूल स्वतः ‘मला खेळायचंय’ म्हणतं तेव्हा त्या होकाराला किती वजन? मोठ्या खेळाडूला धोका पत्करण्याचा हक्क असेल, तर तो कोणत्या वयापासून? तालमीचा मान आणि पोराचा मेंदू यांत प्रशिक्षकाची जबाबदारी कुठे बसते? यांतला एकच धागा धरला तरी हजार शब्द कमी पडतील. कुस्तीवरही असंच लिहिता येईल, फक्त फुटबॉलइतका अभ्यास हाताशी नाही, त्यामुळे विज्ञानाचा परिच्छेद लंगडा होतो.

‘मिड-ब्रेन ॲक्टिव्हेशन’च्या क्लासवर लिहिलं तर चालेल?

चालेल, आणि हा विषय आपल्याकडचाच आहे. डोळ्यांवर पट्टी बांधून मूल रंग ओळखतं, वाचतं, असा दावा करणारे क्लास महाराष्ट्रात गावोगाव निघाले होते. मुळातली चूक आधी सांगा. मध्यमस्तिष्क, म्हणजेच मिड-ब्रेन, हा मस्तिष्कस्तंभाचा, म्हणजे मेंदूला मज्जारज्जूशी जोडणाऱ्या देठाचा, भाग आहे. डोळ्यांची हालचाल आणि जागेपण यांत त्याचं काम असतं. तो झोपलेला असून ‘जागा’ करायचा असता, तर मूल क्लासपर्यंत चालत आलंच नसतं. पट्टी असताना वाचता येतं कारण नाकाच्या बाजूला फट राहते. कागद हनुवटीखाली न धरता कपाळासमोर धरला की सिद्धी संपते.

पण भांडाफोड केली म्हणजे निबंध झाला असं नाही, तो वैज्ञानिक भाग झाला. नीतीचा प्रश्न पुढे आहे. मुलाला फटीतून दिसतंय हे त्याला स्वतःला ठाऊक असतं. आईबापांच्या आणि सरांच्या आनंदासाठी ते खोटं बोलायला शिकतं. ही इजा कोणती, ती मोजायची कशी, आणि पालकांनी संमती दिली होती म्हणून ती माफ होते का? ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींची तरतूद आहे. ती इथे पुरेशी आहे का, हे तपासलं तर निबंधाला धार येते. कोणत्याही क्लासचं किंवा चालकाचं नाव मात्र लिहू नका. युक्तिवादाला त्याची गरज नसते आणि शाळेला उगाच नोटीस येऊ शकते.

भारतातले कायदे आणि निकाल यांतले कोणते ठाऊक असावेत?

सगळे पाठ करायची गरज नाही. विषयाला लागेल तो एक नीट वाचा. तरी वारंवार कामाला येणारे हे:

नार्को (औषध देऊन बोलतं करणारी), पॉलिग्राफ (खोटं पकडू पाहणारी) आणि मेंदूच्या विद्युत लहरींवरून केलेली चाचणी संमतीशिवाय करता येणार नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य या खटल्यात ५ मे २०१० रोजी दिला. आधार होता राज्यघटनेचं कलम २०(३), म्हणजे स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती नको, आणि कलम २१. त्याआधी २००८ साली पुण्याच्या सत्र न्यायालयाने एका खून खटल्यात दोषी ठरवताना अशाच मेंदू-चाचणीचाही आधार घेतला होता. हे दोन निकाल शेजारी ठेवले की निबंधाचा कणा आपोआप उभा राहतो. बरेच जण एक बारकावा चुकवतात: संमतीने केलेल्या चाचणीचा निष्कर्षही थेट पुरावा ठरत नाही. त्या माहितीवरून पुढे एखादी वस्तू सापडली, तर ती पुरावा म्हणून विचारात घेता येते.

मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ हा २९ मे २०१८ पासून लागू आहे. भूल आणि स्नायू शिथिल करणारं औषध न देता विजेचे झटके देण्याला त्यात बंदी आहे. अल्पवयीनांना ते द्यायचे तर पालकांची संमती आणि मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळाची पूर्वपरवानगी लागते. आपण आजारी पडलो तर कोणते उपचार हवेत आणि कोणते नकोत, हे आधीच लिहून ठेवायचा हक्कही त्यात आहे. या शेवटच्या तरतुदीवर फार कमी मुलं लिहितात, आणि ती संधी ते घालवतात. ‘बरा असलेला मी’ आणि ‘आजारी असलेला मी’ यांतलं कोणाचं ऐकायचं, हा या क्षेत्रातला अस्सल प्रश्न आहे.

अवयवदानावर लिहिणार असाल तर १९९४ चा कायदा पाहा. मस्तिष्कस्तंभाचा मृत्यू चार डॉक्टरांचं मंडळ ठरवतं, तपासण्या दोनदा होतात आणि त्यांत किमान सहा तासांचं अंतर असतं. ‘कोमा’ आणि ‘मेंदूमृत’ हे शब्द एकमेकांच्या जागी वापरलेत तर परीक्षक तिथेच थांबतो. कोमातला माणूस जिवंत असतो.

विद्यार्थ्यांच्या मेंदूची माहिती हा विषय असेल, तर २०२३ चा डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा वाचा. त्यात १८ वर्षांखालची व्यक्ती मूल धरली आहे आणि मुलांच्या वर्तनावर पाळत ठेवण्यास मनाई आहे. परदेशातलं उदाहरण हवं तर चिलीचं घ्या. २०२१ साली त्या देशाने मेंदूतील हालचाल आणि तिच्यातून मिळणारी माहिती जपण्याची तरतूद थेट राज्यघटनेत घातली, आणि २०२३ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने मेंदूच्या लहरी टिपणारा हेडबँड (डोक्यावरचा पट्टा) विकणाऱ्या कंपनीला एका ग्राहकाची मेंदूची नोंद पुसायला लावली.

हजार शब्द कसे वाटायचे?

अंदाजे असे: प्रश्न आणि तुमचं उत्तर मिळून शंभर, विज्ञान दोनशे, तुमचा युक्तिवाद तीनशे, विरुद्ध बाजू दोनशे, तिला उत्तर दीडशे, उरलेले पन्नास शेवटाला. उत्तर पहिल्या शंभर शब्दांतच सांगायचं. रहस्यकथेसारखं शेवटपर्यंत राखून ठेवायचं नाही.

सर्वांत जास्त बिघाड विज्ञानाच्या परिच्छेदात होतो. दोनशेचे पाचशे होतात, कारण ते लिहायला सोपे असतात. मग युक्तिवादाला जागा उरत नाही आणि निबंध विश्वकोशातल्या नोंदीसारखा दिसतो. पहिला खर्डा झाला की दोन रंगांच्या पेन्सिली घ्या. ‘काय आहे’ सांगणाऱ्या वाक्यांखाली निळी रेघ, ‘काय असावं’ सांगणाऱ्यांखाली लाल. लाल निम्म्याहून कमी दिसलं तर निळं छाटा.

त्यातही एक उडी नेहमी पकडली जाते. ‘किशोरवयात मेंदूचा पुढचा भाग पक्व झालेला नसतो, म्हणून अल्पवयीन गुन्हेगाराला सौम्य शिक्षा हवी.’ पहिलं अर्धं निळं, दुसरं लाल, आणि मधला ‘म्हणून’ हवेत लटकलेला. निळ्याकडून लाल रेघेकडे जाताना एक पूल लागतो: ज्याचा स्वतःवरचा ताबा कमी, त्याचा दोष कमी. हे तत्त्व उघड लिहा आणि ते का मान्य करावं तेही लिहा. त्यावर कोणी विचारेल, की मग त्याच न्यायाने १६ वर्षांच्या मुलीला स्वतःच्या उपचारांचा निर्णय घेऊ द्यायचा नाही का? या प्रश्नाला तुमच्याकडे उत्तर असेल, तर तो निबंध वरच्या पाचांत जातो.

सुरुवात कशी करावी? फिनिअस गेजच्या गोष्टीने केली तर?

शंभरातल्या निम्म्या मुलांना हेच सुचतं. १८४८ साली अमेरिकेत रेल्वेमार्गाच्या कामावर लोखंडी पहार गेजच्या गालातून शिरून डोक्यातून बाहेर पडली, तो वाचला पण स्वभाव बदलला. गोष्ट खरी, पण अर्धी. पुढे गेजने चिलीमध्ये अनेक वर्षं घोडागाडी हाकण्याचं काम केलं, म्हणजे तो कायमचा बरबाद झाला हे खरं नाही. गोष्टीचा हा दुसरा भाग तुमच्या मुद्द्याला लागू असेल तरच ती वापरा.

संस्कृत सुभाषित, ‘आजच्या विज्ञानयुगात’ आणि ‘मानवी मेंदू हे निसर्गाचं अद्भुत कोडं आहे’ ही तीन दारं बंद समजा. सुरुवात नाद खुळा झाली आणि तिसऱ्या परिच्छेदापर्यंत प्रश्नच आला नाही, असे निबंध फार येतात.

विज्ञानात हमखास होणाऱ्या चुका कोणत्या?

‘माणूस मेंदूचा दहा टक्केच भाग वापरतो’ हे खोटं आहे. ‘डावा मेंदू तर्काचा, उजवा कलेचा’ ही ओढूनताणून केलेली विभागणी आहे. चेतापेशींची संख्या शंभर अब्ज लिहिली जाते, पण २००९ च्या मोजणीनुसार ती सुमारे ८६ अब्ज आहे. डोपामाइनला ‘आनंदाचं रसायन’ म्हणून सोडून देऊ नका, इच्छा आणि शिकणं यांच्याशीही त्याचा घट्ट संबंध आहे.

एफएमआरआय, म्हणजे मेंदू काम करत असताना त्याचं चित्र काढणाऱ्या यंत्राबद्दल जरा जपून. चित्रात लाल-पिवळे ठिपके दिसतात म्हणून ‘विचार दिसला’ असं लिहिलं जातं. ते यंत्र चेतापेशींची हालचाल थेट पाहत नाही. रक्तातल्या ऑक्सिजनमधला बदल ते टिपतं, आणि तो बदल काही सेकंद मागाहून येतो. रंग नंतर संगणकाने भरलेले असतात आणि गणित सैल असेल तर भलतंच दिसतं. २००९ साली काही संशोधकांनी मेलेला सामन मासा यंत्रात ठेवून त्याला माणसांची छायाचित्रं दाखवली. आवश्यक ती सांख्यिकी दुरुस्ती न करता हिशेब केला, तर माशाच्या मेंदूतही ‘हालचाल’ दिसली. तुमचा निबंध मेंदूचं चित्र पुरावा म्हणून वापरायच्या बाजूचा असेल, तर हा मासा तुम्हीच आधी परीक्षकांपुढे ठेवा. त्यांना तो माहीत असतोच.

ईईजी (मेंदूच्या विद्युत लहरींची नोंद) करणाऱ्या हेडबँडवर लिहिणाऱ्यांसाठी: डोक्याच्या कातडीवर मिळणारा संदेश मायक्रोव्होल्टमध्ये असतो. पापणी लवली, दात आवळले, घाम आला तरी तो बिघडतो. डोक्याला चापून तेल लावलं असेल तर इलेक्ट्रोड नीट टेकतच नाही, म्हणून दवाखान्यात ईईजीच्या आधी केस धुऊन यायला सांगतात. वर्गातल्या चाळीस पोरांच्या डोक्यांवर पट्टा चढवून ‘लक्ष किती’ ते पडद्यावर दाखवता येईल, या दाव्याला हे साधं कारणही पुष्कळ झालं. चीनमध्ये एका प्राथमिक शाळेत असे पट्टे वापरले गेले आणि २०१९ साली ओरड झाल्यावर काढले. आता इथे थांबू नका. उद्या यंत्र अचूक झालं, तर ते वापरणं योग्य ठरेल का? यंत्र चुकतं एवढ्याच कारणाने विरोध केलात, तर यंत्र सुधारलं त्या दिवशी तुमचा निबंध संपला.

विरुद्ध बाजू किती द्यायची? त्याने आपलीच बाजू कमकुवत होत नाही का?

दिली नाही तर होते. ‘काही लोक म्हणतील…’ असं म्हणून एक बुजगावणं उभं करायचं आणि फुंकरीने पाडायचं, हे परीक्षकाला लगेच दिसतं. हेडरबंदीच्या विरोधात सर्वांत जोरदार मुद्दा ‘खेळाची मजा जाईल’ हा नाही. लहानपणी योग्य पद्धत न शिकलेला मुलगा चौदाव्या वर्षी एकदम हेडर मारायला लागला तर त्याला जास्त इजा होईल, हा तो मुद्दा आहे. याला उत्तर द्या. पुरतं उत्तर जमत नसेल, तर तुमची मागणी तेवढी आखडती घ्या: पूर्ण बंदीऐवजी हलक्या चेंडूवर पद्धत शिकवणं आणि आठवड्याला हेडरची मर्यादा. परीक्षक याला हार समजत नाहीत.

मराठीत लिहू की इंग्रजीत?

स्पर्धा जी भाषा मागेल तीत. दोन्ही चालत असतील तर ज्या भाषेत भांडता त्या भाषेत. आधी मराठीत लिहून मग इंग्रजी करणार असाल तर आठशे शब्दांवर थांबा. आपले विभक्तिप्रत्यय आणि शब्दयोगी अव्ययं शब्दाला जोडून येतात, इंग्रजीत ती सुटी होतात आणि वर ‘द’, ‘अ’ मिसळतात. आठशेचे हजाराच्या वर सहज जातात.

संज्ञांसाठी पाठ्यपुस्तकातले शब्द धरा: चेतापेशी, प्रमस्तिष्क, अनुमस्तिष्क, मस्तिष्कपुच्छ. जिथे मराठी शब्द ऐकूनही कोणाला कळणार नाही तिथे सरळ ‘इम्प्लांट’, ‘स्कॅन’ लिहा. एकाच गोष्टीला पहिल्या पानावर ‘मज्जापेशी’ आणि तिसऱ्यावर ‘न्यूरॉन’ म्हणू नका.

आमच्या आजीला स्मृतिभ्रंश आहे. तिच्यावर लिहू का? रुग्णांच्या मुलाखती घेऊ का?

आजीवर लिहायचं तर घरच्यांना विचारा, आणि जमत असेल तर आजीलाही. तिला सगळं उमगणार नाही म्हणून तिला विचारायचंच नाही, असं नसतं. नाव बदललं म्हणजे ओळख लपली असंही नाही. ‘राजारामपुरीतल्या निवृत्त मुख्याध्यापिका’ एवढं लिहिलं तरी अर्ध्या गल्लीला कळतं.

सीपीआर या इथल्या सरकारी रुग्णालयाच्या किंवा दुसऱ्या कोणत्याही रुग्णालयाच्या वॉर्डात वही घेऊन जाऊ नका. रुग्णांकडून माहिती घेणं हे संशोधन आहे आणि त्याला नीतिसमितीची मंजुरी लागते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार मुलांवरच्या संशोधनात पालकांच्या संमतीबरोबर सात ते बारा वर्षांच्या मुलाचा तोंडी आणि त्यापुढच्या मुलाचा लेखी होकार घ्यावा लागतो. वर्गमित्रांमध्ये गूगल फॉर्म फिरवून ‘८० टक्के विद्यार्थी म्हणतात’ असं लिहिण्यातही फायदा नाही. किती जणांना चिप हवी, यावरून ती योग्य की अयोग्य हे ठरत नाही.

चॅटजीपीटीची मदत घेतली तर?

नियमावली काय म्हणते ते आधी पाहा. परवानगी असेल तर वापर केल्याचं लिहून टाका. धोका दोन ठिकाणी आहे. तो कधीकधी अस्तित्वात नसलेले शोधनिबंध ऐटीत सांगतो, त्यामुळे प्रत्येक संदर्भ गूगल स्कॉलरवर किंवा पबमेडवर उघडून निदान सारांश वाचा. आणि मत विचारलं की तो बहुधा दोन्ही बाजूंना गोंजारून ‘समतोल साधायला हवा’ असं म्हणतो. हे वाक्य निबंधात दिसलं की परीक्षकाच्या भुवया वर जातात. विरुद्ध बाजूचे मुद्दे शोधायला त्याच्याशी वाद घालणं मात्र उपयोगाचं आहे.

वाचायला साहित्य कुठे मिळेल?

कायद्यांचा मूळ मजकूर ‘इंडिया कोड’ या सरकारी संकेतस्थळावर फुकट आहे. सेल्वी निकाल लांबलचक आहे. सुरुवातीचे मुद्दे आणि शेवटचे निष्कर्ष वाचले तरी शालेय गटाला पुरतं. शोधनिबंधांसाठी ‘पबमेड सेंट्रल’, तिथे पूर्ण लेख मोफत मिळतात. शिवाजी विद्यापीठाच्या खर्डेकर ग्रंथालयात जायचं तर आधी आपल्या महाविद्यालयाच्या ग्रंथपालांना भेटा, म्हणजे परवानगीचं काम सोपं होईल. करवीर नगर वाचन मंदिर १८५० पासून चालू आहे. तत्त्वज्ञान आणि मानसशास्त्राची मराठी पुस्तकं तिथे शोधा. वर्तमानपत्रातल्या ‘शास्त्रज्ञांनी शोधला प्रेमाचा भाग’ छापाच्या बातमीवर विसंबू नका. त्यामागचा मूळ लेख काढा, त्यात निम्मे दावे नसतात.

शाळेत किंवा महाविद्यालयात स्वतःच अशी स्पर्धा भरवायची आहे. कशी भरवावी?

मुदत आधी ठरवा. जुलैची अखेर आणि ऑगस्टची सुरुवात टाळा. पंचगंगेने पात्र सोडलं की शिरोळ-करवीरमधल्या मुलांचं घर, वीज, सगळंच अडतं, आणि त्यापाठोपाठ गणपती येतात. दिवाळीच्या सुट्टीआधी जाहीर करून डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात निबंध घेतले तर बरं. पुढे स्नेहसंमेलनं आणि दहावी-बारावीच्या सराव परीक्षा सुरू होतात. जाहीर केल्यापासून किमान सहा ते आठ आठवडे हवेत. दोन आठवड्यांत उतारे येतात, निबंध येत नाहीत.

विषय एकच मोठा देऊ नका. तीन-चार नेमके प्रश्न द्या, किंवा विद्यार्थ्याने स्वतःचा प्रश्न एका वाक्यात आधी मंजूर करून घ्यावा अशी अट घाला. दुसरा मार्ग कष्टाचा आहे, पण निबंध दुप्पट चांगले येतात.

परीक्षक तीन असावेत: एक वैद्यक किंवा जीवशास्त्रातला, एक तत्त्वज्ञान किंवा कायद्याचा, एक भाषेचा. तिघेही भाषेचे असले की अलंकारांना बक्षीस मिळतं. एका निबंधाला पंधरा मिनिटं धरली तर साठ निबंधांना पंधरा तास लागतात. कोणी नोकरदार माणूस एवढा वेळ देणार नाही. म्हणून आधी दोन शिक्षकांनी चाळणी करून पंधरा-वीसच पुढे पाठवावेत. गुण शंभरपैकी असे ठेवता येतील: प्रश्नाचा नेमकेपणा २०, विज्ञानाची अचूकता २५, युक्तिवाद आणि विरुद्ध बाजूला दिलेलं उत्तर ३५, भाषा १५, संदर्भ ५. हस्ताक्षराला गुण ठेवू नका.

गुणांची नुसती बेरीज केली तर एक चोरवाट राहते. एक परीक्षक सगळ्यांना ६० ते ७० च्या आत ठेवतो, दुसरा ३० पासून ९५ पर्यंत पसरतो. बेरजेत निकाल दुसऱ्याच्याच मताने लागतो. म्हणून प्रत्येकाकडून पहिल्या दहांचा क्रम घ्या, क्रमांची बेरीज करा, आणि बरोबरी झाली तर तिघांनी अर्धा तास एकत्र बसावं. निबंधावर नावाऐवजी सांकेतिक क्रमांक हवा. हे सगळीकडे माहीत असतं, तरीही शाळेचं नाव असलेला शिक्का पहिल्या पानावर राहून जातो.

फाइल पाठवताना काय बिघडतं?

जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर दुसऱ्या संगणकावर कोडं होऊन उघडतो. युनिकोडमध्येच टाइप करा, मग पीडीएफ करा आणि ती मोबाइलवर उघडून बघा. जोडाक्षरं तुटली असतील तर तिथेच दिसतील. शब्दसंख्या गूगल डॉक्समध्ये मोजा आणि संदर्भयादी त्यात धरतात का ते नियमात पाहा. फाइलच्या नावात स्वतःचं नाव नको, आणि फाइलच्या माहितीत ‘लेखक’ म्हणून वडिलांचं नाव राहिलेलं नको. शेवटच्या रात्री अकरा वाजता पाठवू नका.

निकालाआधी निबंध इन्स्टावर किंवा शाळेच्या अंकात देता येईल का?

नको. बऱ्याच स्पर्धांना अप्रकाशित लेखन लागतं आणि ओळख उघड झाली तर निबंध बाद होतो. निकाल लागल्यावर अंकात खुशाल द्या, पण त्याआधी परीक्षकांचे शेरे मागून घ्या आणि तो खर्डा एकदा दुरुस्त करा.